‘माल फॅक्टरीत तयार आहे’: इंटिरिअरच्या कामात आमची झालेली फसवणूक

नव्या फ्लॅटचा ताबा मिळालाय आणि इंटिरिअर कुणाला द्यायचं याचा विचार चाललाय, अशा प्रत्येकाने हे वाचावं म्हणून लिहिते आहे. पुण्यातल्या एका फर्मला आम्ही साडेदहा लाख रुपये दिले. मिळालं काय, तर हॉलचं सिलिंग, दारं नसलेली दोन कपाटं आणि अर्धवट किचन. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, त्यामुळे नाव लिहीत नाही. पण पद्धत सगळी सांगते, कारण उद्या हेच लोक दुसरी पाटी लावून बसले तरी पद्धत ओळखता येईल.

घर पुनावळ्याला, दोन बेडरूमचं. कोटेशन ९,४०,००० रुपयांचं, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ११,०९,२००. पैशांचे टप्पे असे ठरले: बुकिंगला १० टक्के, ड्रॉइंगवर सह्या झाल्यावर ५०, माल फॅक्टरीतून निघण्याआधी ३५ आणि हँडओव्हरला ५. असेच टप्पे इतरांनीही सांगितले होते. आता हे जरा वेगळ्या बाजूने पाहा. किचनची एक फळीसुद्धा घरात यायच्या आधी ९५ टक्के रक्कम त्यांच्या खात्यात गेलेली असते. शेवटच्या ५ टक्क्यांसाठी कुणी तुमचं काम पूर्ण करायला धावत येत नाही.

त्यांनी आधीची कामं दाखवली होती. वाकड आणि रावेतमधल्या घरांत आम्ही स्वतः जाऊन आलो, त्या कुटुंबांशी बोललो. कामं खरंच चांगली होती आणि ती माणसंही खरं बोलत होती. मागाहून सगळा उलगडा झाला: त्यांची घरं पूर्ण झाली ती पुढच्या ग्राहकांच्या बुकिंगच्या पैशांतून. आमचं घर आमच्यानंतर येणाऱ्यांच्या पैशांवर उभं राहायचं होतं. नवी बुकिंग आटली आणि साखळी आमच्यापाशी तुटली. म्हणून सांगते, जुन्या ग्राहकांच्या शिफारशीवरून कामाचा दर्जा कळतो, फर्मकडे आज पैसा आहे की नाही ते कळत नाही. सध्या काम चालू असलेल्या साइटवर न्या म्हणावं, आणि तिथल्या सुताराशी एकट्याने बोलावं.

५० टक्के मिळाल्यावर आठवड्याच्या आतच सिलिंगचं काम सुरू झालं. धूळ, परांच्या, माणसांची ये-जा. घरात काहीतरी घडतंय असं वाटतं. सिलिंग हा त्यातल्या त्यात स्वस्त आणि लवकर उरकणारा भाग, म्हणून तो आधी. मग एक फोटो आला. भिंतीला टेकवून ठेवलेल्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या फळ्या आणि सोबत निरोप, ‘तुमचा माल फॅक्टरीत तयार आहे, ३५ टक्के सोडा, गाडी निघते.’ पैसे गेल्यावर गाडी आली ती अर्धीच. उरलेल्याचं विचारलं की पुन्हा तोच फोटो. शेवटी माझ्या नवऱ्याने तो मोठा करून पाहिला, तर फळ्यांवरच्या स्टिकरवर भलत्याच माणसाचं नाव आणि भलत्याच सोसायटीचा फ्लॅट नंबर होता. फॅक्टरी म्हणजे भोसरीतली एक शेड निघाली. ती यांची नव्हतीच. तिथे अनेकांचा माल कापून मिळतो, आणि आमच्या मापांचा कागदसुद्धा तिथे पोचला नव्हता.

मालाचंही तेच. कोटेशनमध्ये किचनला ७१० ग्रेड, म्हणजे आयएस ७१० चा, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय लिहिला होता आणि पुढे बारीक अक्षरांत ‘किंवा समतुल्य’. प्लंबर सिंकखालच्या खणात पाइपसाठी भोक पाडायला बसला आणि हात थांबवून म्हणाला, ‘‘ताई, हा प्लाय नाही हो, भुसा आहे.’’ वरून एक मिलिमीटरचं छान लॅमिनेट आणि आत पार्टिकल बोर्ड. पाणी लागलं की तो फुगतो, स्क्रू धरत नाही. लॅमिनेट चढल्यावर डोळ्यांनी फरक कळत नाही, म्हणून प्लाय उघडा असतानाच पाहायला हवा. मानक प्लायवर आयएसआयचा शिक्का, आयएस क्रमांक आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की उत्पादकाचं नाव दिसतं. ‘समतुल्य’ हा शब्द मात्र कोटेशनमधून खोडूनच घ्या.

कपाटाच्या चौरस फुटांत माळा धरला होता आणि खाली माळ्याचे वेगळे पैसेही लावले होते. टेप घेऊन बसलं की हे सापडतं.

सगळ्यात जास्त संताप आला तो जीएसटीचा. कोटेशनवर छापलेला क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर शोधला तर नोंदणी रद्द झालेली. नोंदणी नसलेल्याला हा कर वसूल करताच येत नाही, तरी आमच्याकडून घेतला. हा शोध फुकट आहे, मिनिटभराचा आहे, बुकिंगच्या आधी करता येतो.

पोलीस चौकीत ‘हे दिवाणी प्रकरण’ असं ऐकावं लागलं. महारेराकडे जाता येत नाही, तिथे बिल्डर आणि प्रकल्पांच्या तक्रारी घेतात. इंटिरिअर डिझायनर म्हणवून घ्यायला कुठलीही नोंदणी लागत नाही. १९७२ च्या कायद्याने ‘आर्किटेक्ट’ या बिरुदाला संरक्षण आहे, याला नाही. उरतो ग्राहक आयोग, आणि तो खरंच आपल्यासारख्यांसाठी आहे. २०१९ च्या कायद्यामुळे आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, आम्हाला ४०० रुपये लागले. मुदत दोन वर्षांची, त्यामुळे ‘पुढच्या सोमवारी माणसं पाठवतो’ यात महिने घालवू नका. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, मग वकिलाची नोटीस, मग ग्राहक आयोगाच्या ‘ई-जागृती’ या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज. बँकेतून गेलेले पैसे, सही केलेली ड्रॉइंग, व्हॉट्सॲपवरचे निरोप आणि तो स्टिकरवाला फोटो, सगळं जोडलं.

आमच्या घरी काम करणारा सुतार गोरखपूरकडचा. ‘‘भाभीजी, मेरा भी पैसा फँसा है,’’ असं तो पहिल्यांदा म्हणाला तेव्हा आम्हाला वाटलं काम टाळतोय. त्याने मजुरीची वही दाखवली, तेव्हा कळलं की त्याच्या घरी पैसे जायचेच थांबलेत. त्या लोकांनी त्यालाही सोडलं नाही.

उरलेलं काम आता त्याच्याकडेच दिलंय. प्लाय, बिजागऱ्या, लॅमिनेट आम्ही दुकानातून बिलावर आणतो आणि मजुरी झालेल्या कामाप्रमाणे शनिवारी देतो. फर्मकडून करून घेणाऱ्यांनीही असंच मागावं: बुकिंगला १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, नंतरचा प्रत्येक हप्ता घरात आलेला माल डिलिव्हरी चलनाशी, म्हणजे सोबत आलेल्या यादीशी, ताडून मगच, आणि निदान १० टक्के रक्कम, काम संपून महिना होईपर्यंत, आपल्याकडे. चांगल्या फर्म हे मान्य करतात. आमच्याच मजल्यावरच्या शेजाऱ्यांचं काम एका छोट्या फर्मने याच अटींवर नीट पूर्ण केलं. आमच्या तक्रारीचा मसुदा कुणाला उपयोगी पडणार असेल तर मागा, नावं झाकून पाठवते.