खंडणी की तटबंदी? आल्फ्रेडपुढचे दोन मार्ग

आल्फ्रेड ८७१ मध्ये वेसेक्सच्या (दक्षिण इंग्लंडमधलं राज्य) गादीवर बसला तेव्हा डेन (व्हायकिंग) फौज राज्यात घुसलेलीच होती. विल्टनला हार खाल्ल्यावर त्याने तह केला; रोख मोजल्याशिवाय ते हलले नसावेत. खंडणीने फक्त वेळ मिळतो. त्याला मिळाली जेमतेम पाच वर्षं. ८७६ ला डेनांनी वेअरहॅम घेतलं, मग एक्सेटर, आणि ८७८ च्या जानेवारीत चिपनम. राजाला ऐन थंडीत दलदलीत पळावं लागलं. डेनांच्या शपथा, ओलीस, सगळं पाण्यात!

त्याच वर्षी एडिंग्टनची लढाई जिंकल्यावर तो तटबंदीकडे वळला. तिचा हिशेब चोख, त्याच्या मुलाच्या काळातल्या यादीत दिसतो: एका हाइडमागे (एका कुटुंबाच्या पोटापुरती जमीन) एक माणूस, साडेसोळा फूट तटाला चार माणसं. विंचेस्टरला २४०० हाइड नेमून दिले होते, म्हणजे ९९०० फूट तट. तिथल्या रोमन तटाची लांबी जवळपास तेवढीच भरते! अशी तीसेक ठाणी, सुमारे २७,००० माणसं.

अडचण मनुष्यबळाची. ८९२ मध्ये केंटकडचा अर्धवट कोट, आत मूठभर गावकरी, डेनांनी सहज घेतला. सैन्याचीही पाळी असे, निम्मं घरी, निम्मं मोहिमेवर. ८९३ मध्ये डेनांना घातलेला वेढा चालू असतानाच एका पाळीची मुदत आणि शिधा दोन्ही संपले. माणसं सरळ घरी निघाली. तरीही ८९६ पर्यंत डेनांना वेसेक्समध्ये पाय रोवता आले नाहीत; त्या उन्हाळ्यात त्यांची फौज पांगली.