सोसायटीच्या गच्चीवरील सौर यंत्रणा : एका वर्षानंतरचा अभिप्राय

विलेपार्ले पूर्वेतील आमच्या सात मजली, २८ सदनिकांच्या सोसायटीने गच्चीवर २० किलोवॉटची सौर यंत्रणा बसवून घेतली, त्याला आता वर्ष उलटून गेले आहे. लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातील दिवे ज्या सामायिक मीटरवर चालतात, त्याचे बिल कमी व्हावे हा आमचा हेतू होता आणि तो बऱ्याच अंशी साध्य झाला. ज्या कंपनीने हे काम केले तिच्या कारागिरांचे काम नेटके होते. मात्र आखणीच्या टप्प्यावर आम्ही स्वतः लक्ष घातले नसते, तर हाच अभिप्राय मला वेगळ्या शब्दांत लिहावा लागला असता.

पाहणीसाठी कंपनीचा माणूस मे महिन्यात दुपारी बाराच्या सुमारास आला. मुंबईत मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सावली जवळजवळ नाहीशी होते. त्यामुळे लिफ्टची मशीन रूम आणि पाण्याची टाकी यांच्या उत्तरेकडील मोकळी जागा त्याला पॅनेलसाठी उत्तम वाटली आणि आराखड्यात तेथे सहा पॅनेल दाखवली गेली. आमच्याच इमारतीतील एका निवृत्त स्थापत्य अभियंत्यांनी तो आराखडा पाहून डिसेंबरचा प्रश्न उपस्थित केला. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईतील मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशच वर येतो, म्हणजे ऐन दुपारीसुद्धा चार मीटर उंचीच्या खोलीची सावली उत्तरेकडे साडेतीन मीटरहून अधिक लांब पडते आणि सकाळ-संध्याकाळ ती याहून कितीतरी पुढे जाते. एका स्ट्रिंगमधील, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या साखळीतील, एका पॅनेलवर सावली आली, तरी त्या स्ट्रिंगमधील इतर पॅनेलच्या उत्पादनावरही तिचा परिणाम होऊ शकतो. कंपनीने वाद न घालता ती सहा पॅनेल दक्षिणेच्या कठड्याकडे हलवली, हे नोंदवले पाहिजे. परंतु वर्षभराच्या सावलीचा आराखडा मागितल्याशिवाय दिला गेला नाही, हेही तितकेच खरे आहे.

माझ्या मते या संपूर्ण कामातील सर्वांत नाजूक बाब गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची आहे. मुंबईतील बहुतेक जुन्या इमारतींप्रमाणे आमच्याही गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा जलरोधक थर) आणि त्यावर चायना मोझॅक (फरशीच्या तुकड्यांचा थर) आहे. कंपनीच्या पहिल्या प्रस्तावात सांगाड्याचे पाय कोब्यात भोके पाडून, आतील स्लॅबमध्ये बोल्ट ठोकून बसवायचे होते. कोब्याला एकदा भोक पडले की पाणी त्याखाली शिरून पसरत राहते आणि ते सातव्या मजल्यावरच्या कोणाच्या छतातून बाहेर येईल याचा नेम नसतो. गळतीचा अनुभव घेतलेल्या कोणत्याही सोसायटीला हे समजावून सांगण्याची गरज नाही. आम्ही आधी संपूर्ण गच्चीची डागडुजी करून घेतली, गच्चीत पाणी तुंबवून तिची चाचणी केली आणि त्यानंतरच बांधकामाला परवानगी दिली. पाय थेट स्लॅबमध्ये न रोवता खालच्या तुळयांच्या रेषेवर काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांवर सांगाडा उभा करण्यात आला. हे ठोकळे किती वजनाचे असावेत, हे संरचना अभियंत्याकडून वाऱ्याच्या भाराचे गणित करून ठरवून घेतले. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात मुंबईत ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे वाहिले होते, आणि सात मजल्यांवरून उडालेले पॅनेल खाली रस्त्यावर पडण्याच्या शक्यतेकडे कोणीही दुर्लक्ष करू नये. पहिल्या पावसाळ्यानंतर आमच्या गच्चीखालच्या चारही सदनिका कोरड्या आहेत, आणि या यंत्रणेबाबत मला सर्वाधिक समाधान याचेच आहे.

कागदपत्रांचा भाग अपेक्षेपेक्षा सोपा गेला. विशेष सर्वसाधारण सभेचा ठराव, संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र, वीज बिल आणि छतावरील सौर यंत्रणेसाठी केंद्र सरकारचे अनुदान देणाऱ्या पंतप्रधान सूर्य घर योजनेच्या संकेतस्थळावरील अर्ज, एवढेच मुख्यतः लागले. या योजनेत एकट्या घरासाठी कमाल ७८,००० रुपये अनुदान आहे, तर गृहनिर्माण संस्थेच्या सामायिक वापरासाठी ते प्रति किलोवॉट १८,००० रुपये आहे. म्हणजे आमच्या वाट्याला ३ लाख ६० हजार रुपये आले. हे अनुदान यंत्रणा सुरू झाल्यावर खात्यात जमा होते, त्यामुळे सुरुवातीला संपूर्ण रक्कम सोसायटीलाच उभी करावी लागते. शिवाय अनुदानासाठी पॅनेल भारतीय बनावटीच्या सेलची असणे आवश्यक असते. कमी दराचे दरपत्रक हातात आले, तर ही अट त्यात पाळली आहे का, हे आधी पाहावे.

प्रत्यक्ष बसवणी चार दिवसांत झाली. ५४० वॉटचे एक पॅनेल सव्वादोन मीटरहून लांब आणि साधारण २८ ते ३० किलो वजनाचे असते. ते आमच्या लिफ्टमध्ये मावत नव्हते, म्हणून अशी ३७ पॅनेल दोन-दोन माणसांनी जिन्याने सात मजले वर नेली. पॅनेल डोक्यावर ठेवून वाहिले, तर आतील सेलला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडू शकतात. या कारागिरांनी प्रत्येक पॅनेल दोन्ही बाजूंनी उभे धरून नेले आणि प्रत्येक मजल्यावर विसावा घेतला. त्यांच्या या काळजीबद्दल मी मनापासून आभारी आहे. अर्थिंगसाठी तीन स्वतंत्र खड्डे खणले गेले : एक डीसी बाजूसाठी (पॅनेलमधून येणारी वीज), एक एसी बाजूसाठी (इमारतीत वापरली जाणारी वीज) आणि एक आकाशातून पडणारी वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजरोधकासाठी. त्रुटी आढळली ती बोल्टमध्ये. सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेला होता, परंतु काही ठिकाणी स्टेनलेस स्टीलऐवजी साधे बोल्ट वापरले गेले होते आणि खाऱ्या हवेत ते पहिल्या पावसाळ्यातच गंजले. तक्रार केल्यावर कंपनीने ते विनामूल्य बदलून दिले, मात्र त्यासाठी तीनदा स्मरणपत्र पाठवावे लागले.

पॅनेल लागली म्हणजे वीज सुरू झाली, असा सदस्यांचा समज होता. वास्तविक १० किलोवॉटपर्यंतच्या यंत्रणेला तांत्रिक तपासणीशिवाय मंजुरी मिळते. त्याहून मोठी असेल, तर वीज कंपनी आधी तपासणी करते आणि त्यानंतर करार, पाहणी व नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) असा क्रम असतो. आमची तयार यंत्रणा मीटरसाठी सात आठवडे बंद राहिली. त्या काळात हप्ता सुरू होता आणि सभेत उत्तरे द्यावी लागत होती. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी हा काळ आपल्या हिशोबात धरावा आणि बसवणाऱ्या कंपनीला द्यायचा शेवटचा हप्ता नेट मीटर लागेपर्यंत राखून ठेवावा.

एप्रिलमध्ये आमची यंत्रणा दिवसाला ९० युनिटच्या आसपास वीज देत होती. जुलैमध्ये ते उत्पादन निम्म्यावर आले, आणि दिवसभर कोसळणाऱ्या पावसात २० युनिटही मिळाले नाहीत. उन्हाळ्यात जमा झालेले जादा युनिट पावसाळ्यात उपयोगी पडतात, मात्र त्यांचा हिशोब आर्थिक वर्षाच्या शेवटी, ३१ मार्चला मिटतो, हे लक्षात ठेवावे. बिल शून्य होत नाही, कारण स्थिर आकार द्यावाच लागतो. तसेच वीज गेली की ही यंत्रणाही बंद पडते. पॅनेलची वीज बंद वाहिन्यांत जाऊ नये म्हणून, तेथे काम करणाऱ्या वायरमनच्या सुरक्षिततेसाठी इन्व्हर्टरमध्ये (डीसी वीज एसीमध्ये बदलणाऱ्या यंत्रात) ती व्यवस्था असतेच. त्यामुळे लिफ्टसाठीचा जनरेटर आम्ही काढलेला नाही.

एका गोष्टीची चिंता मात्र कायम आहे. पॅनेलच्या उत्पादनक्षमतेची हमी २५ वर्षांची आहे, पण आमच्या पश्चिमेकडील इमारत पुनर्विकासाला गेली असून तेथे मोठा टॉवर उभा राहणार आहे. तो उभा राहिल्यावर दुपारी तीननंतरचे ऊन आम्हाला मिळणार नाही. आमचीही इमारत १९९६ची आहे आणि तिच्या पुनर्विकासाची चर्चा आज ना उद्या होईलच. म्हणून देखभालीच्या करारात सांगाडा आणि पॅनेल उतरवून पुन्हा बसवण्याचा दर आम्ही आजच लिहून घेतला. त्याच करारात दर पंधरा दिवसांनी सकाळी साडेसातच्या आत, पॅनेल तापण्यापूर्वी, पाण्याने धुण्याची अट आहे. शेजारच्या बांधकामाची धूळ आणि कबुतरांची विष्ठा यांमुळे ही अट किती आवश्यक आहे, हे जानेवारीत एक फेरी चुकली तेव्हा इन्व्हर्टरवरील आकड्यांनीच आम्हाला दाखवून दिले.