सामायिक दिनदर्शिका स्वतःच्या ताब्यात ठेवायची तर: रॅडिकेल, बायकल की नेक्स्टक्लाउड?

रावेर-यावल पट्ट्यातील केळी उत्पादकांचा गट, अमळनेरचे एखादे वाचनालय किंवा शिरपूरची पतसंस्था, यांपैकी कोणालाही पाच-पंधरा माणसांना एकाच वेळी दिसेल अशी दिनदर्शिका हवी असते आणि ती परक्या कंपनीच्या खात्यावर अवलंबून नसावी, असेही वाटत असते. अशांसाठी रॅडिकेल, बायकल आणि नेक्स्टक्लाउड हे स्वतःच्या सर्व्हरवर, म्हणजे दिनदर्शिका साठवून सर्वांना पुरवणाऱ्या संगणकावर, बसवायचे तीन मुक्तस्रोत प्रोग्रॅम विचारात घेण्यासारखे आहेत. त्यांतून निवड करताना सुविधांची यादी पाहण्याआधी, बसवून देणारा मुलगा उद्या नोकरीसाठी पुण्याला गेला तर मागे त्या दिनदर्शिकेची देखभाल कोण करणार, हे ठरवावे.

तिन्हींचा पाया एकच आहे. नोंदी लिहिण्याचा आयकॅलेंडर हा नमुना १९९८ मध्ये प्रमाणित झाला आणि २००९ मध्ये सुधारला गेला, तर त्या नोंदी सर्व्हर आणि फोन यांच्यात ने-आण करण्याची कॅलडॅव्ह ही पद्धत २००७ मध्ये ठरली. मधल्या काळात कितीतरी प्रकल्प आले आणि थांबले. मोझिलाचा सनबर्ड हा दिनदर्शिकेचा प्रोग्रॅम २०१० मध्ये बंद झाला आणि त्याचे काम थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅममधील दिनदर्शिकेत सामावले गेले. मिच केपर यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या चँडलर या दिनदर्शिका-प्रोग्रॅमची १.० आवृत्ती २००८ मध्ये कशीबशी बाहेर पडली आणि पुढे तो प्रकल्प विझला. मात्र सनबर्डमधून बाहेर काढून ठेवलेली फाईल आजही थंडरबर्डमध्ये उघडते. ती साध्या नोटपॅडमध्येही वाचता येते: सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, शीर्षक, आणि बँकेच्या सुट्टीचा दुसरा व चौथा शनिवार सांगणारा नियम अवघ्या एका ओळीत. प्रोग्रॅम बंद पडला तरी नोंदी हातात राहतात, हा मुक्त नमुन्याचा खरा लाभ आहे.

रॅडिकेल पायथन या संगणकभाषेत लिहिलेला आहे आणि आटोपशीर आहे. त्याला डेटाबेस लागत नाही. प्रत्येक नोंद फोल्डरमध्ये स्वतंत्र फाईल म्हणून पडते, त्यामुळे बॅकअप म्हणजे तो फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवणे, इतकेच. कार्यालयातल्या जुन्या संगणकावर किंवा रास्पबेरी पाय या हाताएवढ्या संगणकावर तो निवांत चालतो. मात्र ब्राउझरमध्ये महिन्याचे पान पाहण्याची सोय त्यात नाही, आणि कोणी काय पाहावे, काय बदलावे याचे बारीक नियम हाताने फाईलमध्ये लिहावे लागतात.

बायकल पीएचपी या संकेतस्थळांच्या संगणकभाषेवर चालतो, वापरकर्ते जोडायला त्यात ब्राउझरचे पान आहे, आणि संस्थेच्या संकेतस्थळासाठी घेतलेल्या साध्या होस्टिंगवरही तो बसतो. आपल्याकडे हा गुण मोठा आहे, कारण घरगुती ब्रॉडबँडवर बाहेरून पोहोचता येईल असा कायमचा पत्ता सहसा मिळत नाही. रॅडिकेल कार्यालयातच ठेवला, तर शेतात उभ्या असलेल्या माणसाचा फोन तो कार्यालयाच्या वायफायवर परत येईपर्यंत नवा बदल घेणार नाही.

२०१६ मध्ये ओनक्लाउड या जुन्या प्रकल्पापासून वेगळा झालेला नेक्स्टक्लाउड हा तिघांत सर्वांत भरलेला. ब्राउझरमध्ये दिनदर्शिका दिसते, एका टिचकीत ती दुसऱ्याला वाटता येते, सभेची निमंत्रणे जातात, शिवाय फाईलीही ठेवता येतात. परंतु त्याच्या मोठ्या आवृत्त्या साधारण चार महिन्यांनी येतात, प्रत्येकीला सुमारे वर्षभर आधार मिळतो, आणि अद्ययावत करताना मधली मोठी आवृत्ती ओलांडून पुढे जाता येत नाही. आमच्या गटाने तो हौसेने बसवला आणि दोन हंगाम त्याकडे पाहिले नाही. मग एकेक पायरी चढत नव्या आवृत्तीपर्यंत पोहोचण्यात केळीच्या ऐन कांदेबाग हंगामाच्या लागवडीत दोन रात्री गेल्या. महिन्यातून तासभर देणारा जबाबदार माणूस नसेल, तर नेक्स्टक्लाउड घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फोनच्या बाजूने तिन्हींत फरक नाही. आयफोन कॅलडॅव्ह थेट ओळखतो. अँड्रॉइडवर डॅव्हएक्सफाइव्ह हे ॲप लागते, जे एफ-ड्रॉइड या मुक्तस्रोत ॲपच्या भांडारातून विनामूल्य मिळते. नोंदींची प्रत फोनमध्येच राहते, म्हणून भारनियमनात सर्व्हर बंद पडला तरी उद्याची कापणी कोणाच्या बागेत आहे हे दिसते आणि वीज आल्यावर बदल जुळतात.

तिथीच्या बाबतीत मात्र तिन्ही सारखेच तोकडे आहेत, आणि खानदेशात हा प्रश्न किरकोळ नाही. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, २०२३ मध्ये २२ एप्रिलला, २०२४ मध्ये १० मेला आणि २०२५ मध्ये ३० एप्रिलला आली. त्या दिवशी मजूर मिळेल असे धरून कोणी कापणी लावत नाही. श्रावणातल्या कानबाईच्या उत्सवाचा रविवार आणि सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्राही तिथीनेच सरकतात. इतर कालगणनांनुसार पुनरावृत्ती मांडण्याची सोय २०१५ मध्ये प्रमाणित झाली, पण ती युनिकोड या संस्थेच्या कालगणनांच्या यादीवर अवलंबून आहे, आणि त्या यादीत १९५७ मध्ये स्वीकारलेली राष्ट्रीय सौर दिनदर्शिका असली तरी आपले तिथींचे पंचांग नाही. तेव्हा ‘सण आणि यात्रा’ अशी वेगळी दिनदर्शिका करून दर पाडव्याला पंचांग समोर ठेवून वर्षाच्या तारखा हाताने भराव्यात आणि ती सर्वांना केवळ वाचण्यासाठी द्यावी. एकाच माणसाचे अर्ध्या दिवसाचे हे काम आहे.

संस्थेचे होस्टिंग आधीच असेल तर बायकल घ्यावा. सर्व माणसे रोज एका छताखाली येत असतील तर रॅडिकेल पुरेसा आहे. फाईली, निमंत्रणे आणि दिनदर्शिका एकत्र हव्या असतील आणि सांभाळणारा माणूस नेमलेला असेल, तरच नेक्स्टक्लाउडचा विचार करावा. कोणताही घेतला तरी पहिल्याच आठवड्यात पाच खोट्या नोंदी टाकाव्यात, त्या फाईलरूपाने बाहेर काढाव्यात आणि दुसऱ्या संगणकावरच्या थंडरबर्डमध्ये उघडून पाहाव्यात. पाचही नोंदी वेळेसकट जशाच्या तशा दिसल्या, की मगच गटाच्या खऱ्या तारखा भरायला घ्याव्यात.