खाडीत गरवायला दीड हजाराचा रॉड: आठ महिन्यांनंतर काय टिकलं, काय गेलं

ऑक्टोबर ते मे, आठवड्याला दोन-तीन भरत्या, रत्नागिरीकडच्या भाट्ये आणि जयगडच्या खाडीत. बहुतेक वेळ जेटीवरून, अधूनमधून होडीतून. रॉड 7 फुटी, दोन तुकड्यांचा, मीडियम. अंगावर 10–30 ग्रॅम (फेकायचं वजन) आणि 10–20 पौंड (दोरीची ताकद) छापलेलं. काठी फायबर आणि कार्बनच्या मिश्रणाची, मूठ ईव्हीए फोमची, सहा गाईड, म्हणजे दोरी ओवायच्या कड्या, आणि शेंड्याला एक कडी. किंमत दीड हजाराच्या आत. रीळ 4000 नंबरचं, तेही साधारण तेवढ्याचंच. मासे नेहमीचे: तांबोशी, पालू, शिंगाळा, काळुंदर आणि योग असेल तर जिताडा, म्हणजे मालवणकडचा चोणक.

काठी शाबूत आहे. शेंड्याची कडी एकदा बदलावी लागली, दोन गाईडच्या पायाशी गंज आला, रिळाचा लाइन रोलर, म्हणजे दोरी ज्यावरून वळते ती फिरती चकती, तिसऱ्या महिन्यात जाम झाला. एवढ्या पैशात हे अपेक्षितच होतं. जे गेलं त्यातलं निम्मं घेतानाच पाच मिनिटं जास्त दिली असती तर टळलं असतं, म्हणून आधी तेच.

ऑनलाइन स्वस्तात स्वस्त रॉड शोधलात तर दोन-अडीच फुटांच्या नाजूक काठ्या समोर येतात, किंमत बघून हात शिवशिवतो. त्या बर्फातल्या मासेमारीच्या. फिनलंड किंवा अमेरिकेतल्या मिनेसोटासारख्या थंड मुलखात तळी गोठली की बर्फाला वीतभर रुंदीचं भोक पाडून त्यातून पर्च नावाच्या माशासाठी गरी सरळ खाली सोडतात. फेकायचं नसतंच, म्हणून काठी आखूड. गाईड मोठ्या ठेवतात, कारण ओल्या दोरीचं पाणी कडीत गोठून बसतं. आपल्या जेटीवर ती काठी घेऊन उभं राहिलात तर गरी पायाखालच्या कालवांवर पडेल. होडीतून काळुंदरासाठी सरळ खाली सोडायला चालते, पण तेवढ्यासाठी हातातली दोरी काय वाईट आहे? त्या काठीकडून एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे: मऊ शेंडा. हलकी टोच शेंड्यावर दिसते. सात फुटीतही शेंडा मऊ आणि खालचा निम्मा भाग कडक असाच निवडा.

त्याला कारण तांबोशी. ती खडकाच्या कपारीत, जेटीच्या खांबाशी, तिवराच्या मुळांत बसते आणि आमिष तोंडात घेतलं की मागे वळून थेट बिळात जाते. पहिल्या दोन-तीन सेकंदांत तिला थांबवलं नाही तर दोरी कालवांवर घासून तुटलीच समजा. मुठीपर्यंत लवणारी काठी तिथे हरते. दुकानात तपासायचं असेल तर शेंडा छताला हलकेच टेकवून मूठ वर ढकला: वरचा तिसरा हिस्सा वाकला आणि पुढे काठीने नकार दिला, तर ती आपल्या कामाची.

टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकून मिटणारा रॉड घेऊ नये. पिशवीत मावतो, एसटीत नेता येतो, सगळं खरं. पण पाच-सहा जोड म्हणजे वाळू आणि मीठ अडकायच्या पाच-सहा जागा. एकदा जोडात वाळूचा कण गेला की काठी धड उघडत नाही, धड मिटत नाही. दोन तुकड्यांचा रॉड सुटा केला की साडेतीन फुटांचा होतो, तेवढा दुचाकीवर बांधता येतो.

घेताना खिशात छोटं लोहचुंबक आणि थोडा कापूस ठेवावा. चुंबक गाईडच्या तारेला घट्ट चिकटलं तर ते लोखंडावरचं पॉलिश आहे, पहिल्या पावसाळ्याआधीच तांबडं होणार. चांगल्या स्टेनलेसला चुंबक लागत नाही किंवा जेमतेम लागतं. कापूस प्रत्येक कडीच्या आतून फिरवा. तंतू अडकला तर आतल्या सिरॅमिक रिंगला चीर आहे, आणि ती चीर दोरी सोलून काढते. बिनरिंगची नुसती धातूची कडी असेल तर त्या रॉडवर ब्रेडेड, म्हणजे विणलेली दोरी लावू नका, ओढून ओढून कडीला खाच पडते. या रॉडच्या शेंड्याच्या कडीची रिंग फेब्रुवारीत निसटली, तेव्हा कापसाची परीक्षा शेंड्यावर करायची राहिली होती हे लक्षात आलं.

शेंड्याची कडी बदलणं अवघड नाही. जुनी कडी लायटरच्या ज्योतीजवळ पाच-सात सेकंद धरायची, ज्योत काठीला लागू द्यायची नाही, आणि पकडीने सरळ ओढायची, पिळायची नाही. काठीच्या टोकाची जाडी मिलिमीटरमध्ये मोजून तेवढ्याच नळीची कडी आणायची. ग्लू गनची कांडी वितळवून थेंब लावायचा, कडी बसवायची, बाकीच्या गाईडच्या रेषेत आणायची. फेविक्विक वापरू नये: ते ठिसूळ असतं, आणि पुढच्या वेळी कडी काढताना टोकाचे तंतूच उपटून येतात.

आता शिसं, म्हणजे दोरीला लावायचं वजन. रॉड मोडल्याच्या ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यातल्या बऱ्याच या शिशापायीच्या आहेत. रॉडवर 30 ग्रॅम लिहिलंय, पण ओहोटीला खाडीच्या तोंडाशी 30 ग्रॅमचं शिसं तळावर ठरत नाही, लोळत जाऊन खडकात अडकतं. मग माणूस 60 ग्रॅम लावतो, वर अख्खी कोळंबी, आणि सवयीने झटका देऊन फेकतो. काठी जोडाच्या वर दोन वितींवर तुटते. छापलेला आकडा शिसं, गरी, आमिष सगळं मिळून आहे, आणि स्वस्त रॉडवर तो थोडा फुगवलेलाच असतो. 30 लिहिलं असेल तर 25 च्या पुढे जाऊ नये. नाइलाज असेल तर झटका न देता, दोन फूट दोरी लोंबती ठेवून काठी मागून पुढे सावकाश झुलवत फेकावी.

त्यापेक्षा वेळ बदलावी. भरती-ओहोटीचा ओढा मधल्या दोन तासांत सगळ्यात जोरात असतो. भरतीचा शेवटचा तास आणि ओहोटीचा पहिला तास पाणी सुस्त असतं आणि मासाही तेव्हाच खडकाबाहेर येतो. पूर्ण भरतीची वेळ काढायला जुना हिशोब पुरतो: तिथीची पाऊणपट. दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा, सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा. अंदाज अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो, खाडीत आत जाल तशी भरती आणखी उशिरा लागते. अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, ओढा कमी, तेव्हा 20 ग्रॅमचं शिसंही जागेवर राहतं. पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणाला या रॉडने खाडीच्या तोंडाशी उभं राहू नये. आत, वळणाच्या मागे जावं.

दोरीबद्दल दोन मतं आहेत. 0.35 मिलिमीटरचा तंगूस, म्हणजे नायलॉनची एकेरी दोरी, स्वस्त, ताणला की लांबतो, गाठ सोपी. पण तांबोशीला थांबवताना ते लांबणं नडतं. इथे चार महिने तंगूस आणि चार महिने 20 पौंडी ब्रेडेड असं वापरलं. तांबोशीसाठी ब्रेडेड, पालू-काळुंदरासाठी तंगूस, असा निर्णय. ब्रेडेडपुढे हातभर ते दीड हात 40 पौंडी जाड तंगूसाचा लीडर, म्हणजे गरीकडचा शेवटचा तुकडा, हवाच. ब्रेडेड ओढायला मजबूत, घासायला कच्ची: कालवांच्या धारेला एकदा लागली की गेली. जिताड्याच्या कल्ल्याची कडाही पात्यासारखी असते, बारीक लीडर तिथेच कापला जातो. केंड मासा मात्र काहीही लावलं तरी गरीसकट कातरून नेतो. दोनदा ओळीने गरी गेली तर जागा बदला, तिसरी घालवू नका.

गरी तांबोशीला 2/0, पालूला 6 किंवा 8 नंबरची. जिवंत कोळंबी डोक्यावरच्या काट्याच्या मागून, आतला काळा ठिपका टाळून टोचली तर तासभर जिवंत राहते; ठिपक्यातून गरी गेली की लगेच मरते. शिसं मधून भोक असलेलं, दोरीवर मोकळं सरकणारं, त्याखाली गिरकी (फिरती कडी), मग लीडर. माशाने दोरी ओढली की शिशाचा भार त्याला कळत नाही.

ड्रॅग, म्हणजे जोराच्या ओढीला दोरी सोडणारा रिळाचा ब्रेक, अंदाजाने घट्ट करू नका. दोरी सगळ्या गाईडमधून ओवून टोकाला हाताचा वजनकाटा अडकवा, काठी वाकवा आणि कोणीतरी ओढून बघा. 20 पौंडी म्हणजे साधारण 9 किलोच्या दोरीला अडीच किलोवर ड्रॅग सुटायला हवा, फार तर तीन. घरी येऊन रीळ धुतल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करायचा, नाहीतर आतल्या चकत्या दाबून बसतात आणि पुढच्या वेळी ड्रॅग झटक्याझटक्याने सुटतो.

मासा वर घेणं. ओहोटीला पाणी जेटीच्या दोन-तीन मीटर खाली जातं. तिथून अर्ध्या किलोचा मासा रॉडने उचलू नये. काठी उभी केली की सगळा भार शेंड्याच्या वीतभर भागावर येतो, आणि कार्बन मिसळलेली काठी वाकण्याआधी तुटते. काठी आणि दोरी यांच्यातला कोन काटकोनापेक्षा उघडा राहू द्या. लांब दांड्याची जाळी किंवा दोरीला बांधलेली गोल जाळी खाली सोडा. काहीच नसेल तर दोरी हातात धरून, हाताला फडकं गुंडाळून ओढा. ब्रेडेड बोटं कापते.

धुण्याबद्दल सगळे सांगतात, पण कुठल्या पाण्याने ते कोणी सांगत नाही. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरी मार्च-एप्रिलात मचूळ होतात. त्या पाण्याने रॉड धुणं म्हणजे मिठावर मीठ. चव घेऊन बघा. मचूळ लागलं तर प्यायच्या पाण्यातला एक तांब्या खर्च करा, ओल्या फडक्याने पुसायला तेवढं पुरतं. रीळ धुताना ड्रॅग घट्ट करायचा, पाणी वरून हलकं सोडायचं, बादलीत बुडवायचं नाही, नळाचा जोरदार फवारा मारायचा नाही. जोराच्या पाण्याने मीठ आत ढकललं जातं. सुकल्यावर लाइन रोलर, बेलच्या (दोरी गुंडाळणाऱ्या कमानीच्या) तारेचे दोन सांधे आणि हँडलची मूठ यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. खोबरेल लावू नका, ते थंडीत गोठतं आणि पुढे चिकट होतं. या रिळाचा रोलर जाम झाला तो याच आळसाने. रोलर फिरेनासा झाला की दोरी त्यावर घासत जाते, पीळ खाते आणि फेकताना गुंता होऊन सुटते. लोक दोरीला दोष देतात.

दोन तुकड्यांचा जोड अडकला तर गाईड धरून पिळू नये, गाईड उपटून येते. दोघांनी समोरासमोर उभं राहून, प्रत्येकाने एक हात वरच्या आणि एक हात खालच्या तुकड्यावर ठेवून, सरळ ओढायचं. अडकू नये म्हणून नर तुकड्यावर मेणबत्ती घासून ठेवावी, महिन्यातून एकदा पुरे. तेल नको, तेलाने जोड फेकताना सैल होतो, आणि सैल जोडावरच काठी चिरते.

गंज कुठे सुरू होतो ते बघून ठेवा. कडीवर दिसायच्या आधी तो गाईडच्या पायाशी, दोऱ्यावरच्या वार्निशखाली तपकिरी रेघ होऊन येतो. सोबत मिळालेली कापडी पिशवी याला मदतच करते: ओला रॉड तिच्यात घातला की रात्रभर दमट. पिशवी प्रवासापुरती. रेघ दिसली की तिथलं वार्निश नखाने उचकटू नका. ती गाईड जाईपर्यंत चालवा आणि मग दोरा-इपॉक्सी करून नवी बसवून घ्या. या रॉडच्या खालून दुसऱ्या आणि तिसऱ्या गाईडला ते काम येत्या पावसाळ्यात होईल.

पावसाळ्यात रॉड पत्र्याखालच्या माळ्यावर नको आणि भिंतीला तिरका टेकवूनही नको, तीन महिन्यांत बाक येतो. आडवा दोन खुंट्यांवर, रीळ काढून. रीळ बसवायच्या जागेची स्क्रूची चुडी पुसून तिला व्हॅसलीन चोळा, नाहीतर नारळी पौर्णिमेनंतर ती पक्कडीनेच सुटते.

हाच रॉड परत घ्यावा का? जेटी, होडी आणि खाडीच्या आतल्या भागासाठी हो, मात्र चुंबक आणि कापसाची परीक्षा करून. समुद्राच्या पुळणीवरून फेकायचं असेल तर नाही. लाटांच्या वर दोरी राहायला 10–12 फुटी काठी लागते. आणि हातात पाचशे रुपये जास्त असतील तर ते काठीत न घालता रिळात घाला.