चौरस फुटाच्या दराने बांधकाम: घर आणि गाळा, दोन्हीला परवडतं का?

मटेरियलसकट चौरस फुटाच्या दराने बांधून देणारे ठेकेदार रत्नागिरी-सिंधुदुर्गात आता गावोगाव आहेत. वाळू, चिरा, गवंडी यांच्यामागे धावायचं वाचतं, मुंबईला राहणाऱ्याला तर ही मोठीच सोय. मात्र दोन ठेकेदारांचे नुसते दर शेजारी ठेवून काही कळत नाही.

पहिली मेख मोजणीत. 30 × 25 फुटांचं घर 750 चौरस फूट. चारी बाजूंच्या दोन फुटी छज्ज्यासकट स्लॅब मोजली की तेच 34 × 29, म्हणजे 986. कमी दराची भरपाई इथेच होते. करारात ‘भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजणी’ असं लिहून घ्या.

दुसरी मेख महागात पडते. दरपत्रकात काँक्रीट सहसा एम20 असतं (एम म्हणजे ताकदीची प्रत; आकडा मोठा तितकं काँक्रीट मजबूत). आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनारपट्टीच्या हवेत उघड्या राहणाऱ्या आरसीसीला किमान एम30, सळईवर 45 मिलिमीटर कव्हर (सळई झाकणारा काँक्रीटचा थर) आणि पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त 0.45 हवं. म्हणजे 50 किलोच्या पोत्याला साडेबावीस लिटर पाणी, तेही वाळूतला ओलावा धरून. साइटवर बादली अंदाजाने ओतली जाते. माल सरसर पसरतो, गवंडी खूश. पुढे खार आत झिरपतो, सळई गंजून फुगते आणि छज्ज्याच्या पोटाचे पोपडे सुटतात. खाडीची वाळू न धुता वापरली तर खार पहिल्या दिवसापासून आतच. स्लॅबच्या सळईखाली 25 मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक (सळई उचलून धरणारे ठोकळे) दिसले तर ओतकाम थांबवा.

गाळ्याला आतल्या भिंती कमी, म्हणून दर कमी सांगतात. हिशेब अर्धाच खरा. भिंती नसल्या की बीमच्या दोन आधारांमधलं अंतर वाढतं. शिवाय वरच्या मजल्यावर दुकान असेल तर आयएस 875 या भारांच्या मानकाप्रमाणे चौरस मीटरला 4 किलोन्यूटन (साधारण 400 किलो वजनाचा) भार धरावा लागतो, घराला 2. घराचंच डिझाइन तिथे खपवणारा स्वस्त नव्हे.

उतारावरच्या जागेत जोत्याची उंची, भराव आणि धारक भिंत दरात आहे का, हे आधी विचारा; बहुधा नसतं. सिमेंटवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा त्याआधीचं दरपत्रक पुढे केलं तर नवं मागा.