एमएसडब्ल्यूनंतर, नोकरी सांभाळून: केस सुपरव्हिजनवर उभा असलेला पदविका अभ्यासक्रम (वापरानंतरचा अनुभव)

एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करून फील्डमध्ये पाच-सात वर्षं काम झालेल्या समाजकार्यकर्त्यांसाठी नोकरीसोबत करायचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम. विषय बालसंरक्षण, कौटुंबिक हिंसाचार आणि समुपदेशन. हा लेख जाहिरातीतल्या अभ्यासक्रमाबद्दल नाही. महिनोन्‌महिने असाइनमेंट, केस आणि सुपरव्हिजन (अनुभवी व्यक्तीसोबत आपल्या केसच्या कामाची नियमित तपासणी) यांतून गेल्यावर काय उपयोगी ठरलं, काय वाया गेलं, त्याबद्दल आहे. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. याच आराखड्याचे अभ्यासक्रम बऱ्याच ठिकाणी चालतात आणि त्यांच्या उणिवाही सारख्याच असतात.

आधी निष्कर्ष. पैसे आणि वेळ वसूल होतो तो सुपरव्हिजनमधून. व्याख्यानं बरी होती, वाचनसाहित्य ठीक होतं, परीक्षा नेहमीसारखी होती. नियमित, लेखी, बाहेरच्या सुपरव्हायझरची केस सुपरव्हिजन नसलेला असा अभ्यासक्रम फक्त प्रमाणपत्रासाठीच घ्यावा.

आपल्याकडे याला इतकं महत्त्व का, हे व्यवसायाची रचना पाहिली की कळतं. भारतात समाजकार्याचं औपचारिक शिक्षण मुंबईत 1936 साली सुरू झालं, पण सर्वसाधारण समाजकार्यासाठी परवाना नाही, नोंदणी नाही, दर काही वर्षांनी अमुक तासांचं प्रशिक्षण दाखवायची सक्तीही नाही. 2021 च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्याच्या अनुसूचीत वैद्यकीय आणि मानसोपचार क्षेत्रातले समाजकार्यकर्ते आले, पण गावपातळीवरच्या संस्थेत किंवा बाल संरक्षण कक्षात काम करणाऱ्याला त्यामुळे अजून कोणी विचारत नाही. म्हणजे एमएसडब्ल्यूच्या फील्डवर्कनंतर कुणी आपली केस फाईल उघडून 'हा निष्कर्ष कशावरून काढलास?' असं विचारेलच, याची खात्री नाही. त्यानंतर वर्षानुवर्षं आत्महत्येचे विचार, लैंगिक अत्याचार, मारहाण हे सगळं हाताळायचं ते एकट्याच्या अंदाजावर. त्याची किंमत समोरचं मूल किंवा ती बाई मोजते.

आता तासांचा हिशेब, कारण बहुतेक जण इथेच फसतात. मुक्त शिक्षणात एक श्रेयांक म्हणजे साधारण 30 तासांचा अभ्यास. 32 श्रेयांकांची पदविका म्हणजे 960 तास. वर्षाला भागलं तर आठवड्याला साडेअठरा तास. माहितीपत्रकात 'शनिवार-रविवार' असं छापलेलं असतं, पण ते फक्त संपर्कवर्गांचं वेळापत्रक. नोकरीतलं काम फील्डवर्क म्हणून धरायची परवानगी असेल, तर वरचा बोजा आठवड्याला दहा-बारा तासांवर येतो. ती परवानगी प्रवेशाच्या आधी लेखी घ्यावी. तोंडी 'होईल हो' पुढे कामाला येत नाही. नोकरी देणाऱ्या संस्थेकडूनही पत्र घ्यावं. त्यात दोन गोष्टी स्पष्ट असाव्यात: संपर्कवर्गांच्या दिवशी रजा, आणि ओळख लपवून केस साहित्य वापरायची मुभा.

सुपरव्हिजनची पद्धत तपशिलात सांगते, कारण अभ्यासक्रम न घेताही ती चार-पाच जणांना मिळून वापरता येईल. गट पाच ते सहा जणांचा. एका बैठकीत दोनच केस, प्रत्येकी साधारण पाऊण तास. मांडणाऱ्याने दोन पानांचा कागद आधी पाठवायचा आणि त्याच्या पहिल्या ओळीत गटाला विचारायचा प्रश्न हवा. 'आई मुलीला वसतिगृहात ठेवायला तयार नाही, मी आग्रह धरावा का?' हा प्रश्न झाला. 'केस अवघड आहे' हा प्रश्न नव्हे. त्याखाली केस कुठून आली, तीन पिढ्यांचा जेनोग्राम (कुटुंबातल्या माणसांचा आणि नात्यांचा आराखडा), इकोमॅप (कुटुंबाचे बाहेरच्या माणसांशी आणि संस्थांशी असलेले संबंध दाखवणारा आराखडा), आतापर्यंत काय केलं आणि काम कुठे अडलं.

जेनोग्राम बऱ्याच जणांनी एमएसडब्ल्यूला एकदा काढलेला असतो, नंतर नाही. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, ज्याची केस आहे त्याला दुहेरी रेघ, मृत व्यक्तीवर फुली. विभक्त असतील तर नात्याच्या रेषेवर एक तिरकी रेघ, घटस्फोट असेल तर दोन. ताणलेलं नातं नागमोडी रेषेने. तो गृहभेटीतच, कुटुंबासमोर काढला तर निम्मी माहिती आपोआप मिळते. मुलं स्वतःहून 'मामाला विसरलात' म्हणतात, आणि मुलाला काही काळ सांभाळू शकणारं माणूस बहुतेक वेळा त्या विसरलेल्या मामातच सापडतं.

मांडणी दहा मिनिटांची. त्यानंतर दहा मिनिटं फक्त माहिती विचारायची, सल्ला बंद. मग प्रत्येकाने 'इथे काय चाललं असावं' याचा एकेक अंदाज सांगायचा, आणि शेवटी सुपरव्हायझर बोलणार. हा क्रम मोडला की बैठक बिघडते. पहिल्याच मिनिटाला कुणीतरी 'बाल कल्याण समितीपुढे (मुलाच्या काळजीबाबत आदेश देणाऱ्या समितीपुढे) घेऊन जा' म्हणतं आणि सगळे कायद्याच्या वाटेने निघून जातात. कार्यकर्तीची भीती, आईचा नकार, नकारामागचं कारण हे सगळं मागेच राहतं. सल्ल्याची घाई हा आपल्या क्षेत्राचा सगळ्यात जुना रोग आहे. दहा मिनिटांच्या या बंदीनेच तो थोडाफार आटोक्यात येतो.

सुपरव्हिजनची कामं तीन: प्रशासकीय, शैक्षणिक आणि आधार देण्याचं. बहुतेक संस्थांत पहिलंच चालतं. किती केस झाल्या, किती गृहभेटी झाल्या, रजिस्टर भरलं का. वरिष्ठच मूल्यमापन करत असेल तर त्यांच्यासमोर 'मला या बापाची चीड येते' असं कुणी बोलत नाही. म्हणून सुपरव्हायझर संस्थेबाहेरचा असणं ही अट मी सगळ्यात वर ठेवेन. मधल्या काही महिन्यांत मनुष्यबळ नाही म्हणून नेमणुकीच्याच ठिकाणच्या वरिष्ठांना सुपरव्हायझर केलं गेलं. त्या काळातल्या नोंदी आज वाचल्या तर सगळ्या केस सुरळीत चाललेल्या दिसतात.

प्रोसेस रेकॉर्डिंगबद्दल, म्हणजे मुलाखतीतला संवाद लिहून काढण्याबद्दल, तक्रार सगळेच करतात, आणि चुकीच्या पद्धतीने केलं तर ती रास्त आहे. तासाभराची मुलाखत शब्दशः लिहून काढली तर चार तास जातात आणि कोणी वाचत नाही. अडलेला दहा-पंधरा मिनिटांचाच भाग निवडायचा. कागदावर चार रकाने: समोरची व्यक्ती काय म्हणाली, कार्यकर्ता काय म्हणाला, त्या क्षणी मनात काय आलं, आणि सुपरव्हायझरची टीप. चोवीस तासांच्या आत लिहायचं. उशीर झाला की आठवण नीटनेटकी होते आणि आपण बोललेले शब्द आपोआप शहाणे होत जातात. तिसरा रकाना रिकामा सोडलेली नोंद परत पाठवणारा सुपरव्हायझर मिळाला तर त्याला धरून ठेवा.

कायद्याचा भाग अपेक्षेपेक्षा चांगला निघाला, कारण तो कलमं पाठ करून घेण्यापेक्षा अहवाल लिहिण्यावर बेतलेला होता. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 36 प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचा सामाजिक तपास पंधरा दिवसांत पूर्ण करायचा असतो, म्हणजे समितीला चार महिन्यांत अंतिम आदेश देता येतो. केंद्राच्या 2016 च्या नमुना नियमांत या अहवालासाठी फॉर्म 22 आहे, वैयक्तिक काळजी योजनेसाठी फॉर्म 7. फॉर्म सगळेच भरतात, चुका होतात त्या वाक्यांत. 'वडील बेजबाबदार आहेत' हे मत झालं. 'गेल्या तीन महिन्यांत वडील एकदाच घरी आले. आई आणि शेजारी दोघांनी वेगवेगळं सांगितलं' ही नोंद झाली. माहिती कुणाकडून मिळाली, ते प्रत्येक महत्त्वाच्या विधानाशेजारी लिहायची सवय लागली की शिफारशीचं वजन वाढतं. शिफारस आणि वरचा मजकूर जुळत नाही, ही दुसरी चूक. चार पानं घराच्या ताकदी लिहायच्या आणि शेवटी 'संस्थेत दाखल करावे' म्हणायचं. प्रायोजकत्वाचा, म्हणजे मूल घरीच राहावं म्हणून केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून मिळणाऱ्या महिना 4,000 रुपयांचा, विचार झाला का, याचा उल्लेखच नसतो. गरिबीमुळे मूल घराबाहेर जाऊ नये, हे सूत्र अहवालात दिसायला हवं, आणि ते दिसत नाही याचं मनापासून वाईट वाटतं.

कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखाली घरगुती घटना अहवाल फॉर्म 1 मध्ये. संरक्षण अधिकाऱ्याचे दिवस त्यातच जातात. याच कायद्याच्या नियमांत सुरक्षा योजनेसाठी फॉर्म 5 आहे, हे कित्येकांना माहीतच नसतं. ती बाई आज रात्री त्याच घरात परतणार असेल, तर तिच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा कागद तोच.

एक ठळक उणीव: साहित्य शिळं होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू आहेत, तरी वाचनसाहित्यात जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं पोटगीसाठी कलम 125 आणि दंडाधिकाऱ्यांपुढच्या जबाबासाठी कलम 164 तसंच होतं. आता ती अनुक्रमे नागरिक सुरक्षा संहितेची कलम 144 आणि 183 आहेत. दत्तकाचे आदेशही 2021 च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे 1 सप्टेंबर 2022 पासून, न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात. प्रवेश घेण्याआधी वाचनसाहित्याचं एक प्रकरण मागून घ्या आणि हे दोन मुद्दे तपासा. पाच मिनिटांत कळतं.

समुपदेशनाचा भाग संमिश्र. नैराश्यासाठीची नऊ प्रश्नांची पीएचक्यू-9 चाचणी शिकवली. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे प्रश्न, प्रत्येकी 0 ते 3 गुण, एकूण 27, आणि 10 किंवा जास्त गुण आले की पुढच्या तपासणीला पाठवायचं. दोन ठिकाणी लोक घसरतात. गुणांनाच निदान समजून फाईलवर 'नैराश्य' लिहिलं जातं. समाजकार्यकर्त्याने ते लिहायचं नसतं. आणि नववा प्रश्न. तो स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरणाच्या विचारांचा आहे. तिथे 1 गुण आला, तरी एकूण बेरीज कितीही कमी असो, तिथेच थांबून योजना, साधन, याआधीचे प्रयत्न आणि घरात सोबत कोण आहे हे सरळ विचारायचं. विचारल्याने आत्महत्येची कल्पना डोक्यात शिरत नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 क्रमांक कागदावर लिहून हातात द्यायचा.

दारूच्या सवयी तपासणाऱ्या 'ऑडिट' (AUDIT) नावाच्या चाचणीत दहा प्रश्न, 40 गुण, आणि 8 पासून पुढे काळजीचं. अडचण येते 'एक पेग' मोजताना. प्रमाणित पेय म्हणजे 10 ग्रॅम अल्कोहोल, म्हणजेच 42.8 टक्क्यांच्या दारूचे 30 मिली. 180 मिलीची एक क्वार्टर म्हणजे सहा प्रमाणित पेयं. 'रोज एकच घेतो' म्हणणारा माणूस क्वार्टरबद्दल बोलत असतो आणि कार्यकर्ता रकान्यात 1 लिहितो. हातभट्टीत तर प्रमाण ठरलेलंच नसतं. तिथे पेयं मोजण्यापेक्षा किती दिवस प्याले, कामाचे किती दिवस बुडाले, हे विचारणं जास्त खरं.

ऑनलाइन रोल-प्ले मात्र कमकुवत होते. छोट्याशा खिडकीत चेहरा दिसतो, हात दिसत नाहीत, आणि शांततेत आवाज तुटला की काय असं वाटून कोणीतरी बोलून जातं. शांतता सांभाळायला शिकायचं असेल तर समोरासमोरचेच वर्ग हवेत. निवासी आठवड्यात जे आलं, ते ऑनलाइन सत्रांत आलं नाही.

गोपनीयता. याबाबतीत अभ्यासक्रम जेमतेम पास झाला. गटाच्या व्हॉट्सअॅपवर केसचे कागद फोटो काढून टाकले जायचे. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसतं नाव बदलून भागत नाही. छोट्या तालुक्यात गाव, शाळा, वडिलांचा धंदा आणि तारीख एवढ्यावरून मूल ओळखू येतं. चारही बदला. खरी माहिती आणि असाइनमेंटमधला सांकेतिक क्रमांक जुळवणारा कागद संस्थेच्या कपाटात ठेवा, फोनमध्ये नाही.

याच्याच शेजारचा मुद्दा: मुलाला 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देता येत नाही. पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम 19 खाली गुन्ह्याची माहिती कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवल्यास कलम 21 खाली शिक्षा आहे. मूल बोलायला लागण्याआधीच, त्याच्या वयाला कळेल अशा शब्दांत, कोणती गोष्ट आपल्याजवळ राहील आणि कोणती पुढे सांगावी लागेल, हे सांगायचं. यावरचं सत्र संपूर्ण अभ्यासक्रमातलं सर्वोत्तम होतं.

पदाबद्दल गैरसमज नको. असल्या पदविकेने मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मधला मानसोपचार समाजकार्यकर्ता (सायकियाट्रिक सोशल वर्कर) होता येत नाही. त्या व्याख्येत एमएसडब्ल्यूवर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. लागतं. पगारही आपोआप वाढत नाही. मुलाखतीत मात्र ओळख लपवलेला केस पोर्टफोलिओ समोर ठेवता येतो, आणि तो प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलतो.

फी भरायच्या आधी समन्वयकाला एवढं विचारा: वर्षभरात मला स्वतःला किती वेळा केस मांडायला मिळेल? सुपरव्हायझर कोण, आणि तो सध्या स्वतः केस घेतो का? प्रोसेस रेकॉर्डिंगवर लेखी टिपा किती दिवसांत परत येतात? केस साहित्य कुठे साठवतात? पहिल्या प्रश्नाचं उत्तर चारपेक्षा कमी आलं तर फी वाचवा, आपल्याच जिल्ह्यातले पाच जण जमवा आणि बाहेरच्या एका अनुभवी व्यक्तीला मानधन देऊन महिन्यातून एकदा बोलवा.