बाळाचे नाव सुचवणारी नौपाड्यातील सेवा

ठाण्यात नौपाड्यातील एका ज्योतिष कार्यालयाकडून आम्ही सातव्या महिन्यातच नावांची यादी करून घेतली. ‘घनाक्षरी’, ‘कुवलय’, ‘मृगांक’ अशी वेगळी, पण साहित्यात खरोखर आढळणारी नावे तीत होती, हे या सेवेचे बळ. मात्र सासूबाईंनी ‘घनाक्षरी’चे लगेच ‘घना’ केले आणि ते नाव बाद झाले. पुढे बाळ आर्द्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणात (चतुर्थांशात) जन्मले, ज्यासाठी परंपरेने नावाचे आद्याक्षर ‘ङ’ (या अक्षराने कोण काय नाव ठेवणार?), त्यामुळे घरातील ज्येष्ठांच्या लेखी उरलेली यादीही निरुपयोगी ठरली. जन्मनोंद २१ दिवसांत नावाविनाही करता येते आणि नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क जोडता येते, ही उपयुक्त माहिती कार्यालयाने आपणहून दिली. शुल्क माफक आहे. तरी नक्षत्र पाळणाऱ्यांनी प्रसूतीनंतरच जावे.